कोविडच्या वर्षात शेतकऱ्यांच्या खात्यात काय आलं, आणि ते जनतेला कुठे बघायला मिळतं?

लेखाजोखा

पीएम किसान, कर्जमुक्ती, अतिवृष्टीची मदत यांवर इथे तुकड्यातुकड्यांत बरंच बोलून झालंय. पण २०२० सालात सरकारने शेतकऱ्यांना कोणत्या नावाने काय दिलं, हे एका जागी कुणी मांडलेलं नाही. 'कोविडमध्ये शेतकऱ्यांना फुकट पैसे वाटले' असं पुणे शहरात, कोथरूड-सिंहगड रस्त्याला ऐकू येतं. 'आम्हाला दमडी मिळाली नाही' असं जिल्ह्यात, इंदापूर-दौंडला. भांडणाचं मूळ पासबुकात आहे. तिथे रक्कम दिसते, ती कोणत्या योजनेची हे धड कळत नाही.

आधी हिशेब.

२६ मार्च २०२० रोजी केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं, १ लाख ७० हजार कोटींचं. त्यात शेतकऱ्यांसाठी होतं ते असं: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना प्रत्येकी २,००० रुपये. गुणाकार केला की १७,४०० कोटी होतात. हे पैसे नवे नव्हते. पीएम किसान २४ फेब्रुवारी २०१९ला सुरू झाली, वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. एप्रिल ते जुलैमधला हप्ता त्या वर्षी अगदी सुरुवातीला दिला, इतकंच. पुरावा अर्थसंकल्पात आहे. १ फेब्रुवारी २०२०ला, टाळेबंदीचं नावही नव्हतं तेव्हा, या योजनेला ७५,००० कोटी ठेवले होते. सुधारित अंदाजात ते ६५,००० कोटींवर आले. जादा मदत दिली असती तर आकडा चढायला हवा होता, तो उतरला.

त्याच वर्षी, बऱ्याचदा त्याच घरात, आणखी काय आलं:

– महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून २०२० असे तीन महिने ५०० रुपये. हे शेतीशी जोडलेलं नव्हतं, पण गावात 'मोदींचे पैसे' म्हणून दोन्ही एकत्रच मोजले गेले.

– रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२०ला कर्जफेडीला दिलेली हप्तेस्थगिती, आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. यात खात्यात रुपयाही येत नाही आणि व्याज चालूच राहतं.

– ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीनंतर राज्याचं १०,००० कोटींचं पॅकेज. जिरायतीला हेक्टरी १०,००० आणि फळबागेला हेक्टरी २५,०००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. केंद्राचा तेव्हाचा निकष अनुक्रमे ६,८०० आणि १८,००० होता, वरची भर राज्याची. याचा कोविडशी संबंध नाही, वर्ष तेवढं एक.

– महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती. हे पैसे कर्जखात्यात जातात, बचत खात्यात नाही. म्हणून 'मिळाले नाहीत' वाल्यांत ही मंडळी बरीच निघतात.

माझा प्रश्न: यातलं नावानिशी, रकमेसह, तारखेसह सार्वजनिक काय आहे? आणि नसेल तर मागायचं कुणाकडे? अनुभवकथन नको, पद्धत सांगा.

---

चावडीवाचन

पीएम किसानपुरतं सांगतो.

संकेतस्थळावर 'लाभार्थी यादी' आहे. राज्य, जिल्हा, उपजिल्हा, गट, गाव अशी निवड केली की गावाची यादी उघडते. तिच्यात काय दिसतं? अनुक्रमांक, नाव, स्त्री की पुरुष. बस्स. कोणता हप्ता मिळाला, किती मिळाला, कोणता अडकला, यातलं काही नाही. ज्याचं त्याला स्वतःचं तपशीलवार दिसतं, पण त्यासाठी नोंदणी क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. थोडक्यात, शेजाऱ्याला नाव दिसतं, पैसे दिसत नाहीत.

यादी हातात आली की लोक लगेच बोटं दाखवायला लागतात. त्याआधी नियम माहीत हवेत.

'पाच एकरांच्या आतलेच पात्र' हे जून २०१९मध्येच संपलं. त्यानंतर जमीनधारणेची मर्यादा नाही. पंचवीस एकरवाल्याचं नाव यादीत आहे म्हणून तो अपात्र ठरत नाही.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. सज्ञान मुलाच्या नावावर स्वतंत्र जमीन असेल तर तो वेगळा लाभार्थी. एका आडनावाची चार नावं दिसली म्हणजे घोटाळा नव्हे. नवरा-बायको दोघांची नावं असतील तर मात्र विचारा.

जमिनीच्या मालकीची कट-ऑफ तारीख १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर खरेदीखताने किंवा वाटणीने नाव लागलं असेल तर चालत नाही, वारसाने लागलं असेल तर चालतं. हे सातबाऱ्यावर नुसतं बघून कळत नाही. फेरफाराचा (मालकी बदलाच्या नोंदीचा) क्रमांक घ्यायचा आणि गाव नमुना ६मध्ये तो फेरफार कशाचा, कोणत्या तारखेचा, हे पाहायचं. गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्या दहापैकी नऊ जण इथपर्यंत जातच नाहीत.

अपात्र कोण: आधीच्या वर्षी आयकर भरलेले, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी वगळून), महिना १०,००० किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे, आजी-माजी आमदार-खासदार-मंत्री, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर, आर्किटेक्ट, आणि संस्थेच्या नावावरची जमीन.

पुण्याभोवती आणखी एक बघायचं. लागवडीखालची जमीन बिनशेतीला वापरली जात असेल तर ती चालत नाही. हवेली-मुळशीत सातबारा जिवंत असतो आणि जागेवर गोदाम किंवा मंगल कार्यालय उभं असतं. बारा नंबरला, म्हणजे सातबाऱ्याच्या पीकनोंदीत, पीक 'ज्वारी'.

---

बारामती_लोकल

म्हणजे यादी आहे, पण तिचा उपयोग नाही. सरकारी पारदर्शकता ती हीच.

---

आकडेमोड

उपयोग आहे, पण नावं जुळवून नव्हे.

जानेवारी २०२१मध्ये माहिती अधिकारातून केंद्राकडूनच उत्तर आलं होतं: २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले. भागाकार करा, माणशी साधारण ६,६६० येतात. तीन हप्त्यांपेक्षा थोडं जास्त. म्हणजे चूक पहिल्या हप्त्याला पकडली गेली नाही, वर्षभर चालू राहिली. यांतले निम्म्याहून जास्त, ५५ टक्क्यांच्या वर, आयकर भरणारे होते. महाराष्ट्राचा वाटा २.८६ लाख, पंजाब आणि आसामनंतर तिसरा.

आता यात बघण्यासारखं हे की आयकर भरणारा कोण, हे कुठल्याही गावाच्या यादीवरून ओळखता येत नाही. ते फक्त सरकारला कळतं, आधार-पॅन जोडणीतून. तेव्हा गावाने डोळ्यांत तेल घालून यादी वाचली असती तरी हे सापडलं नसतं. गावाला सापडतात त्या वेगळ्या चुका: मयत माणूस, परगावी नोकरीला असलेला सरकारी नोकर, जमीन नसलेला, गावात कधीच न राहिलेला.

वेगळ्या प्रकारचं उदाहरण तमिळनाडूचं, ऑगस्ट २०२०. तिथे खोटी नोंदणी घाऊक झाली. खालच्या कार्यालयांचे लॉगिन आणि पासवर्ड दलालांच्या हाती गेले, साडेपाच लाखांहून जास्त अपात्र नावं घुसली, घोटाळा ११० कोटींचा निघाला आणि ८० कंत्राटी कर्मचारी काढले गेले. हे कसं उघडकीला येऊ शकतं? तालुकानिहाय नवीन नोंदणीचा महिनावार तक्ता काढला की लगेच. जिथे महिन्याला पन्नास नोंदी होतात तिथे अचानक पाच हजार झाल्या तर नाव बघायची गरजच नाही. म्हणून मी आधी आकडे मागतो, नावं नंतर.

ज्यांना नावं जुळवायचीच आहेत त्यांच्यासाठी: पोर्टलची यादी इंग्रजीत, सातबारा मराठीत. ज्ञानेश्वर इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल, 'बाळासाहेब' यादीत आणि 'बाळू' सातबाऱ्यावर. एक्सेलमध्ये थेट तुलना केली की निम्मी यादी 'बोगस' दिसते. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तीन रकान्यांत फोडा, आडनावावर गट करा, मग हाताने बघा. गाव निवडताना तालुका दोनदा तपासा. एकाच नावाची गावं जिल्ह्यात वारंवार भेटतात, बुद्रुक-खुर्दचा घोळ वेगळाच.

---

कलम_चार

लेखाजोखा यांच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. थोडं लांबेल.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख)(बारा) म्हणतं की अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचं. कुणी मागण्याची वाट बघायची नाही. २००५पासून हे बंधन आहे आणि २००५पासून ते बहुतेक कार्यालयांत भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच पाळलं जातं.

अडचण आता वाढली आहे. पूर्वी कलम ८(१)(ञ) असं होतं: वैयक्तिक माहिती, जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण घाला येतो, ती नाकारता येईल. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३)ने हे सगळं कापून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५पासून ते लागू आहे. आता माहिती अधिकारी एका ओळीत नकार देतो: 'लाभार्थ्यांची नावे वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.'

इथे बरेच जण कलम ४ दाखवून भांडतात आणि हरतात, कारण कलम ८ची सुरुवातच 'या कायद्यात काहीही असले तरी' अशी आहे. ४ने ८ आपोआप पडत नाही. भांडायचं ते दोन गोष्टींवर. एक, कलम ८मध्ये माहिती देण्याचं 'बंधन नाही' असं म्हटलंय, 'मनाई आहे' असं नाही. दोन, कलम ८(२) शाबूत आहे: सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जातच एक वाक्य घाला की ही रक्कम सार्वजनिक निधीतून दिली आहे, अपात्रांना वाटप झाल्याचं केंद्राने मान्य केलं आहे, सबब ८(२) लागू करावं. अपिलात हा मुद्दा पहिल्यांदा काढलात तर 'अर्जात नव्हतं' असं ऐकावं लागतं. शिवाय कलम १०, म्हणजे झाकायचं तेवढं झाकून बाकीचं द्या.

आणि आकडेमोड म्हणतात तेच: संख्येला ८(१)(ञ) लागतच नाही. संख्या ही कुणाची वैयक्तिक माहिती नसते. तेव्हा पहिला अर्ज संख्येचा, दुसरा नावांचा. एकाच अर्जात दोन्ही घातलंत की नावांच्या निमित्ताने सगळाच अर्ज फेटाळला जातो.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. हा घ्या मसुदा, जोडपत्र 'अ'च्या (अर्जाच्या ठरलेल्या नमुन्याच्या) तपशिलात लिहायचा:

> विषय: पीएम किसान, मौजे ____, ता. ____, जि. पुणे. कालावधी १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१.
> १) हप्तानिहाय लाभार्थी संख्या व वितरित रक्कम.
> २) महिनानिहाय नवीन नोंदणी व त्यांपैकी मंजूर संख्या.
> ३) अपात्र ठरवलेल्यांची कारणनिहाय संख्या: आयकर, नोकरी, निवृत्तिवेतन, मृत्यू, दुबार नोंद, जमीन नसणे.
> ४) वसुलीच्या नोटिसा: संख्या, मागणी, प्रत्यक्ष जमा रक्कम.
> ५) प्रत्यक्ष पडताळणीचे अहवाल, आधार व खाते क्रमांक झाकून.
> माहिती अभिलेखात उपलब्ध आहे त्या स्वरूपात द्यावी. अभिलेख पाहणीसाठी दिवस कळवावा.

शेवटचं वाक्य गाळू नका. माहिती 'संकलित स्वरूपात नाही' हे ठरलेलं उत्तर आहे आणि ते बेकायदा नाही. नवीन माहिती तयार करून देण्याचं बंधन नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितलंय. पाहणी मागितली असली की तक्ता नसला तरी फाइल उघडावी लागते. पहिला तास पाहणीला शुल्क नाही, प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प.

'का', 'कुणाच्या सांगण्यावरून', 'योग्य आहे का' हे शब्द अर्जात नकोत. कागद मागा, खुलासा नको.

---

बारामती_लोकल

आणि द्यायचा कुणाला? तहसीलदार म्हणतो कृषीकडे जा, कृषीवाला म्हणतो तहसीलला.

---

कलम_चार

दोघांनाही द्या. महसूल आणि कृषी यांच्यात या योजनेचं काम कुणाचं यावरून राज्यभर ओढाताण चालली होती, हे जगजाहीर आहे. २०२०ची वसुलीची नोटीस निघाली ती बहुतेक ठिकाणी तहसीलदाराच्या सहीने, म्हणून ३ आणि ४ क्रमांकाचे मुद्दे तिथे. २० रुपये खर्च होतात, पण कलम ६(३)खाली हस्तांतर होण्याची वाट बघत बसावं लागत नाही. हस्तांतर पाच दिवसांत व्हावं असा कायदा आहे. वाचून हसू आलं तर तुमचा दोष नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे तारीख लागायला दीर्घकाळ जातो, म्हणून खरी लढाई पहिल्या अपिलातच जिंकायची असते.

अर्जाआधी एक सोपा मार्ग वापरून बघा. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८च्या परिपत्रकाने जिल्ह्यातल्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला ठेवायचे आहेत. परिपत्रकाची छापील प्रत सोबत न्या. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

---

गटसचिव

कर्जमुक्तीचं वेगळं आहे, ते सांगतो.

२०१९च्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं अल्पमुदत पीक कर्ज, ३० सप्टेंबर २०१९ला थकीत, दोन लाखांपर्यंत. याद्या २४ फेब्रुवारी २०२०पासून लागायला सुरुवात झाली. पद्धत पीएम किसानपेक्षा खूप बरी होती: प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक, यादी गावात चावडीवर आणि बँकेत, मग शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार आणि कर्जाची रक्कम पडताळायची. मान्य असेल तर पैसे कर्जखात्यात. रक्कम पटली नाही तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे.

आणि बरोबर महिन्याभराने टाळेबंदी. बोटाचे ठसे घेणं थांबलं. यादीत नाव आहे, अंगठा लागला नाही, खातं थकीत, खरीप तोंडावर. तेव्हा २२ मे २०२०ला शासन निर्णय काढून बँकांना सांगितलं की अशी रक्कम 'शासनाकडून येणे' दाखवा आणि नवीन पीक कर्ज द्या. त्या काळातलं कुणाचं खातं तपासायचं असेल तर हा शेरा शोधा. तो शेरा आहे आणि तरी खरिपाला कर्ज दिलं नाही, किंवा त्या काळातलं व्याज शेतकऱ्याच्या नावे टाकलं, तर तिथे बोट ठेवायला जागा आहे.

माहिती मागताना होणारी चूक: लोक विकास सोसायटीच्या (गावच्या पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या) नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करतात. सहकारी संस्था त्या कायद्याखाली 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा थलप्पलम निकाल आहे. सोसायटी अर्ज परत करते आणि बरोबर करते. पण त्याच निकालात म्हटलंय की निबंधकाला (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला) कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते ती निबंधकाकडे मागता येते. तेव्हा अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या नावाने. लेखापरीक्षण अहवालाची प्रत तर त्यांच्या दप्तरी असतेच, आणि कर्जमुक्तीतली गडबड तिथल्या दोष-दुरुस्तीच्या पानांवर आधी उमटते.

तुम्ही स्वतः सभासद असाल तर माहिती अधिकार लागतच नाही. सहकार कायद्याचं कलम ३२ वापरा: वार्षिक ताळेबंद, उपविधी, सभासदांची यादी, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाला बघता येतात.

---

इरा_कोथरूड

थोडं वेगळं मत मांडते. नाव-गाव-रक्कम सरसकट टांगायची हे मला पटत नाही. २,००० रुपये घेणाऱ्या विधवेचं नाव जगाला दिसावं आणि बँकेने कोटींचं कर्ज निर्लेखित केलं त्याचं नाव 'गोपनीय', ही कुठली पारदर्शकता? शिवाय इथल्या सरकारी याद्यांचा इतिहास चांगला नाही. २०१७मध्ये रोजगार हमी आणि निवृत्तिवेतनाच्या सरकारी संकेतस्थळांवरून कोट्यवधी आधार क्रमांक उघडे पडल्याचं दाखवून दिलं गेलं होतं.

तरी परदेशांत काय केलंय ते बघण्यासारखं आहे, कारण तिथे हाच वाद होऊन गेलाय.

अमेरिकेत १७ एप्रिल २०२०ला कोरोनाव्हायरस अन्न साहाय्य कार्यक्रम जाहीर झाला, १६ अब्ज डॉलर थेट शेतकऱ्यांना. सप्टेंबरपासून दुसरी फेरी, १४ अब्जांपर्यंत. माणशी कमाल अडीच लाख डॉलर. कंपनी असेल आणि तिचे तीन भागीदार प्रत्येकी ४०० तास शेतावर किंवा व्यवस्थापनात राबत असतील तर साडेसात लाखांपर्यंत. उत्पादन किती, नुकसान किती, हे शेतकऱ्याने स्वतःच लिहून द्यायचं, कागद मागितले तर दाखवायचे. एवढी मोठी रक्कम आणि स्वघोषणा, म्हणजे नंतरची तपासणी जनतेच्या डोळ्यांवर सोडल्यासारखीच. आणि ती होऊ शकते, कारण २००८च्या त्यांच्या शेती कायद्यातलं कलम १६१९ शेताचा नकाशा आणि शेतकऱ्याने दिलेली शेतीची माहिती झाकतं, पण कुणाला किती पैसे दिले हे स्पष्ट शब्दांत त्यातून वगळतं. कोण, कुठला, किती: खुलं. त्याच्या जमिनीचा तपशील: बंद.

सगळं सरळ झालं असं नाही. छोट्या उद्योगांच्या पगार-संरक्षण कर्जात, ज्यात शेतंही होती, आधी फक्त दीड लाख डॉलरच्या वरची नावं दिली आणि तीही रकमेच्या पट्ट्यांत. वृत्तपत्रं न्यायालयात गेली, तेव्हा १ डिसेंबर २०२०ला पूर्ण नावं आणि अचूक आकडे बाहेर आले.

युरोपात उलट झालं. शेती अनुदान घेणाऱ्या सगळ्यांची नावं टाकत होते. ९ नोव्हेंबर २०१०ला युरोपीय न्यायालयाने व्यक्तींच्या बाबतीत ते रद्द केलं. कारण मोठं गमतीचं: लहान-मोठा, एकदा घेणारा-कायम घेणारा, असा काही फरकच केलेला नाही. मग नियम बदलला. आता वर्षाला १,२५० युरो किंवा कमी मिळालेल्याचं नाव देत नाहीत, बाकीच्यांचं देतात, आणि दोन वर्षांनी काढून टाकतात.

मला आपल्याकडे हेच हवंय. फळबागेचे ५०,००० घेतले तर नाव दिसू दे. दोन हजारवाल्याचा नुसता आकडा पुरे.

---

चावडीवाचन

ताई, युक्तिवाद चांगला आहे, पण आपल्याकडे गळती दोन हजारांतच आहे. १,३६४ कोटी दोन-दोन हजारांनीच गेले. तुमची युरोपातली रकमेची मर्यादा इथे लावली तर पीएम किसानची अख्खी यादी झाकली जाईल.

आणि गावात नाव झाकून काय साधतं? कुणाला काय मिळालं हे पारावर माहीतच असतं. झाकलं जातं ते तालुक्याच्या बाहेरून बघणाऱ्यापासून.

---

इरा_कोथरूड

पारावर माहीत असणं आणि गूगलवर कायमचं सापडणं यांत फरक आहे. गावात यादी लावा, ग्रामसभेत वाचा, मला हरकत नाही. इंटरनेटवर गावनिहाय संख्या आणि अपात्रतेची कारणं द्या. आत्ता उलटं चाललंय: नाव नेटवर आहे आणि कारण कुठेच नाही.

---

लेखाजोखा

हे पटलं. नाव आहे, रक्कम नाही. अपात्र ठरवलं जातं, कारण छापलं जात नाही. रोजगार हमीत मजुराचं नाव, दिवस, रक्कम, तारीख सगळं हजेरीपटासकट दिसतं, आणि तो तर सगळ्यांत गरीब. सहा हजारवाल्याला जास्त आडोसा का?

अतिवृष्टीच्या मदतीबद्दल कुणी बोललंच नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर, बारामती, दौंडला ऑक्टोबर २०२०मध्ये मोठं नुकसान होतं.

---

चावडीवाचन

तिथला कागद तहसीलच्या नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर असतो. तीन कागद मागायचे: पंचनाम्यांची गोषवारा यादी (गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र), मंजूर यादी, आणि बँकेला पाठवलेली यादी. तिन्ही जुळली पाहिजेत. गळती होते ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये: पंचनाम्यात ०.४० हेक्टर, मंजूर यादीत १.४० हेक्टर. किंवा जिरायतीचं पीक मंजूर यादीत फळबाग होतं, म्हणजे हेक्टरी सरळ १५,०००चा फरक. हे पकडायला नाव लागत नाही, गट क्रमांक पुरतो. बारा नंबरवर त्या हंगामाला काय पीक लिहिलंय ते शेजारी ठेवा.

तिसऱ्या यादीत आणखी एक भानगड. बँकेकडून परत आलेल्या रकमा. खातं बंद, आयएफएससी चुकलेला, सामाईक खात्यात कुणाच्या नावे द्यायचं यावर भावकीचं एकमत नाही. ही रक्कम पुन्हा वाटली की शासनजमा केली, ते विचारा.

ते पैसे दोन टप्प्यांत आले होते, दिवाळीच्या सुमारास आणि नंतर २०२१च्या सुरुवातीला. अर्जात एकाच शासन निर्णयाचा क्रमांक टाकलात तर अर्धीच माहिती मिळेल. 'ऑक्टोबर २०२०च्या नुकसानीपोटी आजवर वाटलेली सर्व रक्कम' असं लिहा.

---

बारामती_लोकल

माझ्या एका नातेवाइकाचं गाव वाघोलीकडचं. तिथे २०२०मध्ये ग्रामसभेत यादी वाचली का, हे बघायचंय. आता ग्रामपंचायतच नाही.

---

कलम_चार

वाघोली ३० जून २०२१ला महापालिकेत गेली, त्या वेळच्या २३ गावांमध्ये. ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेने ताब्यात घेतलं, तेव्हा इतिवृत्ताची वही आता तिथे. अर्ज महापालिकेच्या त्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयाला करा. विषयात 'तत्कालीन ग्रामपंचायत' असं स्पष्ट लिहा, आणि दप्तर ताब्यात घेतानाच्या हस्तांतर यादीची प्रत पण मागा. वही त्या यादीत असेल तर 'आमच्याकडे नाही' म्हणता येत नाही. नसेल तर तीच प्रत जोडून दुसरा अर्ज जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाला.

सातबारा आणि फेरफार मात्र महसूलकडेच आहेत, गाव महापालिकेत गेलं तरी. ते तहसीललाच मागायचे.

अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नुसत्या सहीची पोच अपिलात मोजत नाहीत.